दोन टाक्या आणि एक झाकलेला हंडा

वाचक विचारतात : घरचा संगणक

प्रश्न : नमस्कार ताई. मी साखर पेठेत राहतो, लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो. वडील चादरीच्या जकार्डची डिझाइन काढायचे. त्यांचे जुने ग्राफ पेपर मी दोन वर्षं बसून स्कॅन केलेत. सगळं मिळून तीन टीबीच्या आसपास आहे आणि ते पाच पोर्टेबल डिस्कवर विखुरलंय. दरवर्षी पाच-सहाशे जीबी वाढतं. चौथ्या पिढीचा आय-थ्री पीसी पडून आहे, ८ जीबी रॅम आहे, त्याचाच सर्व्हर करायचा विचार आहे. दुकानदार म्हणतात, ४ टीबीच्या चार डिस्क घ्या, रेड कार्ड टाकून रेड ५ करून देतो, मग बॅकअपची कटकटच नाही. वर 'रेडसाठी रेडच घ्या' असंही म्हणाले, ते मला कळलं नाही. सर्व्हर वरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवणार आहे. पहिल्यांदाच करतोय. काय घेऊ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुकानदारांचं 'बॅकअपची कटकटच नाही' हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाका. बाकीचं आपण सावकाश बघू.

आपल्या गावात पाणी रोज येत नाही, त्यामुळे साठवणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. समजा गच्चीवर दोन टाक्या आहेत आणि खालून एकाच पाइपाने दोन्ही भरतात. एक टाकी तडकली तरी घरातला नळ बंद पडत नाही, दुसरी चालू असते. दोन-चार डिस्का जोडून एकीच्या जागी दुसरी उभी राहील असं करायचं, रेड म्हणजे एवढंच. पण नळाला गढूळ पाणी आलं तर? दोन्ही टाक्यांत गढूळच जाणार. घाईत चुकीचं फोल्डर डिलीट झालं, व्हायरसने सगळ्या फायली कुलूपबंद केल्या, पॉवर सप्लायमधून जास्त व्होल्टेज येऊन डिस्क जळाल्या, चोराने डबाच उचलून नेला, यातलं काहीही झालं तरी रेड तुम्हाला वाचवत नाही. पाणी आलं की आपली आई पहिल्यांदा पिण्याचा हंडा भरून, झाकण ठेवून बाजूला ठेवते ना, तो बॅकअप. त्याचा टाकीशी पाइप जोडलेला नसतो, म्हणूनच तो उपयोगाचा.

रेडचा शोध लागला तोही बॅकअपसाठी नव्हे. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी मांडणी केली ती अशी, की एका अवाढव्य महागड्या डिस्कऐवजी पीसीतल्या स्वस्त डिस्का एकत्र जोडाव्यात. पण डिस्का वाढल्या की त्यातली एखादी बिघडण्याचा संभव वाढतो. तेव्हा एखादी गेली तरी काम थांबू नये, अशी सोय त्यातच करून ठेवायची. काम थांबू नये, हा हेतू. ज्याच्याकडे रात्रंदिवस ऑर्डरी येतात त्याला त्याची फार गरज. तुमचा सर्व्हर एक दिवस बंद राहिला तर लग्नाचा अल्बम एक दिवस उशिरा जाईल. पण वडिलांचे ग्राफ गेले तर ते कुठून आणणार?

हे मी इतक्या ठासून का लिहिते, तर मी ते भोगलंय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग मी बरीच वर्षं सांभाळला. आमच्याकडेही चार डिस्कांचं रेड ५ होतं, म्हणजे एक डिस्क गेली तर चालतं, दुसरीही गेली की संपलं. सर्व्हरच्या पुढच्या बाजूला प्रत्येक डिस्कला एक बारीक दिवा, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे डिस्क गेली. एके वर्षी मे महिन्यात, सुट्टीच्या दिवशी एसी बंद होता, तेव्हा एक डिस्क गेली. दिवा पिवळा झाला. त्या दिव्यासमोर कुणीतरी चलनांच्या फायलींचा गठ्ठा रचून ठेवलेला. काम चालूच होतं, मग बघायला कोण जाणार? जवळजवळ तीन आठवड्यांनी गठ्ठा हलवला तेव्हा दिसलं. नवी डिस्क आणली, लावली, जुळणी सुरू झाली, म्हणजे उरलेल्या डिस्का वाचून गेलेलीचा डेटा नवीवर पुन्हा भरणं. मी खुर्ची ओढून पुढ्यातच बसले होते. एकसष्ट टक्क्यांवर दुसऱ्या डिस्कमधून आवाज आला, टक् टक् टक्, मध्येच खर्र, पुन्हा टक् टक्. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पाचव्या मिनिटाला दुसरा दिवा पिवळा झाला आणि चारही डिस्कांतलं सगळं गेलं.

वाचलो ते आमच्या डिझाइन मास्टरांमुळे. त्यांना मशीनवर विश्वास नव्हता. दर दिवाळीला सगळी डिझाइन डीव्हीडीवर घेऊन, टॉवेलात गुंडाळून ते घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत. दिवाळीपर्यंतचं सगळं परत मिळालं. दिवाळीनंतरच्या सहा-सात महिन्यांचं मात्र नाही. ती डिझाइन पुन्हा काढली, नमुन्याच्या टॉवेलवर भिंग धरून एकेक धागा मोजत. दोन पोरी आणि मास्तर, तिघं अडीच महिने. तुमच्या वडिलांना विचारा धागे मोजणं म्हणजे काय, ते सांगतील.

म्हणून माझं पहिलं सांगणं : पैसे दोनच डिस्कांचे असतील तर रेड करूच नका. एक डिस्क सर्व्हरात, दुसरी बॅकअपला, आणि ती दुसऱ्या घरात. तिसऱ्या डिस्कचे पैसे असतील तेव्हा आतल्या दोघींचं रेड करा. आधी हंडा, मग दुसरी टाकी.

आता हिशेब. तुमचा डेटा तीन टीबी, वर्षाला सहाशे जीबी धरले तर पाच वर्षांनी सहा टीबी. मग ८ टीबीच्या तीन डिस्क घ्या. दोन आत, रेड १ म्हणजे आरसा पद्धतीने, जे एकीवर लिहिलं जाईल तेच दुसरीवर. तिसरी बाहेर. ८ टीबीची डिस्क संगणकात सव्वासातच्या आसपास दिसेल, घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १,०२४ च्या, बाकी काही नाही. पाच वर्षांनीही थोडी मोकळी जागा उरेल, ती उरायलाच हवी.

४ टीबीच्या चार डिस्कांचं रेड ५ केलं तर १२ टीबी मिळतात हे खरं. पण तुम्हाला बारा लागत कुठे आहेत? आणि एक डिस्क गेली की उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे बारा टीबी, एका दमात, एकही चूक न होता. बऱ्याच डिस्कांच्या माहितीपत्रकात कंपनीच लिहिते की साधारण साडेबारा टीबी वाचल्यावर एखादी जागा वाचता न येण्याची शक्यता धरा. प्रत्यक्षात डिस्का त्यापेक्षा बऱ्या वागतात. तरी त्याच दिवशी, त्याच वयाच्या, त्याच खोक्यातून आलेल्या डिस्कांवर हा भार टाकायला माझं मन धजत नाही. आरशात फक्त एक डिस्क वाचायची असते. ८ टीबीला बारा ते पंधरा तास लागतात, तेवढा वेळ हात जोडून बसायचं.

रेड कार्ड, म्हणजे डिस्का जोडायचं काम करणारं वेगळं कार्ड, घेऊ नका. उद्या कार्ड बिघडलं तर डिस्का धडधाकट असूनही त्याच जातीचं दुसरं कार्ड शोधत फिरावं लागतं, आणि पाच वर्षांनी ते मिळेलच असं नाही. मदरबोर्डच्या बायोसमधलं (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमधलं) रेडसुद्धा नको. ट्रूनॅस नावाची प्रणाली फुकट मिळते, ती हेच काम सॉफ्टवेअरने करते. तिला किमान ८ जीबी रॅम लागते, ती तुमच्याकडे आहे. ती स्वतःसाठी वेगळी डिस्क मागते, त्याला १२० जीबीची छोटी एसएसडी बास. तिच्यातली झेडएफएस ही पद्धत प्रत्येक तुकड्याची बेरीज लिहून ठेवते आणि वाचताना ताळा करते. ताळा चुकला तर आरशातल्या दुसऱ्या डिस्कवरचा बरोबर तुकडा आणून दुरुस्त करते. तुमच्या स्कॅनसाठी हे सोन्यासारखं आहे. दहा वर्षं न उघडलेली फाइल आतून किडली तर एरवी कळतसुद्धा नाही. महिन्यातून एकदा सगळा ताळा करायला लावा, ती वेळ आत ठरवून देता येते. पीसी मेला तर दोन्ही डिस्का काढून दुसऱ्या कुठल्याही पीसीत लावा, ट्रूनॅस टाका, डेटा समोर येतो.

आता 'रेडसाठी रेड'. तुमच्या प्रश्नात दोन रेड आहेत. एक डिस्का जोडण्याची पद्धत आणि दुसरी डब्ल्यूडी कंपनीची लाल लेबलची डिस्क, तिचंही नाव रेड. दुकानदारांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. घरगुती सर्व्हरसाठी बनवलेली डिस्क घ्यावी, कारण ती अडखळलेली जागा वाचायला सात-आठ सेकंद झटते आणि सोडून देते, मग पुढचं रेड बघून घेतं. साधी पीसीची डिस्क मिनिटभरही झगडत बसू शकते, आणि तोवर रेडला वाटतं ही गेलीच, ते तिला बाहेर काढतं. पण नुसतं 'रेड' म्हणून घेऊ नका. २०२० साली उघडकीला आलं की या लाल मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत आणि पाकिटावर तसं लिहिलेलं नाही. एसएमआर म्हणजे कोकणातल्या घरांवरच्या कौलांसारखं, एका ओळीवर दुसरी थोडी चढवून रचायचं. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढचीही उचलावी लागतात. फोटो एकदा टाकून ठेवायला हे चालतं. डिस्क बदलल्यावर रेडची जुळणी करताना मात्र अशी डिस्क रखडते, कधी बाहेरच फेकली जाते. त्या गोंधळानंतर कंपनीने वेगळी नावं दिली. तुम्हाला हवी ती 'रेड प्लस', तिच्यात सीएमआर आहे, म्हणजे ओळी शेजारी शेजारी. सीगेटची आयर्नवुल्फ, तोशिबाची एन३०० याही त्याच जातीच्या. दुकानात बहुतेक वेळा कॅमेऱ्याची जांभळी डिस्क पुढे करतात, कारण सीसीटीव्हीमुळे तिचा साठा असतो. ती सलग रेकॉर्डिंगसाठी केलेली आहे. दुसरं काही मिळतच नसेल तर चालवता येईल, पण त्याच पैशांत योग्य वस्तू मिळत असताना कशाला?

दोन डिस्का एकाच दिवशी एकाच दुकानातून घेऊ नका. एक इथून, एक पुण्याहून, किंवा एक डब्ल्यूडीची आणि एक सीगेटची. एकाच खोक्यातल्या दोघींना एकच दोष असेल तर दोघी बरोबरच जातात. पैसे देण्याआधी डिस्कवरचा सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी भारतातली आहे ना ते दुकानातच, मोबाइलवर बघा. बाहेरून आणलेल्या डिस्का इथे विकल्या जातात आणि बिघडल्या की कंपनी हात वर करते. 'काढलेली आहे पण एकदम नवीन' अशी डिस्क पहिल्या सर्व्हरला नको.

घरी आणलीत की लगेच डेटा ओतू नका. ट्रूनॅसमधून स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःची तब्येत तपासते त्या सोयीची, लांब चाचणी लावा, ८ टीबीला रात्रभर आणि वर निम्मा दिवस जातो. मग अहवालातले तीन आकडे बघा : ५ नंबर म्हणजे बदललेल्या जागा, १९७ म्हणजे संशयित जागा, १९८ म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या. नव्या डिस्कवर तिन्ही शून्य हवेत. एखादा शून्य नसेल तर त्याच दिवशी परत द्या. पण पुढे कधी हे आकडे शून्य दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलने २००७ साली आपल्या लाखभर डिस्कांचा अभ्यास छापला होता. मोडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकींनी स्मार्टच्या मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. ट्रूनॅसला तुमचा ईमेल द्या आणि एकदा चाचणीचं पत्र येतंय ना ते बघा. आमच्याकडचा पिवळा दिवा कुणी पाहिला नाही, तुमच्या मोबाइलवरचं पत्र तुम्ही पाहाल.

जागेबद्दल मात्र मला तुमची काळजी वाटते. सोलापुरात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. अशा खोलीत डिस्क सहज पन्नाशीच्या पुढे जाईल. कंपन्या साठ-पासष्टपर्यंत चालेल म्हणतात, पण रोजची वागणूक पंचेचाळीसच्या आत असावी असं मी धरते. डबा खालच्या मजल्यावर आणा, भिंतीपासून वीतभर पुढे, कपाटात कोंडू नका. पुढच्या बाजूला १२० मिलिमीटरचा पंखा असा लावा की वारा थेट डिस्कांवरून जाईल, आणि दोन डिस्कांमध्ये एक खण रिकामा सोडा. साखर पेठेत राहता म्हणजे आजूबाजूला माग असणारच. कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीवर साचून घोंगडी होते, ती दर पंधरा दिवसांनी ब्रशने काढा. आणि मागाच्या सामाईक भिंतीला लागून डबा ठेवू नका. डिस्कचं वाचणारं डोकं तबकडीपासून केसाहूनही कितीतरी बारीक अंतरावर तरंगत असतं, त्याला हादरे सोसत नाहीत. सन कंपनीच्या एका इंजिनियरने २००८ साली डिस्कांसमोर जोरात ओरडून दाखवलं होतं, तेवढ्यानेही त्यांचं काम रखडलेलं पडद्यावर दिसलं. माणसाच्या ओरडण्याने हे, तर मागाच्या खटखटीने काय होईल! खाली जाड रबर ठेवा.

एक गोष्ट घाईत राहून जाते ती वीजजोडणी. डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोन अँपियरच्या आसपास ओढते. दहा वर्षांचा जुना लोकल एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) असेल तर तो बदला, बाकी कुठेही काटकसर करा. आणि मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या तोंडावरून साटा, म्हणजे आजच्या डिस्कांचं तोंड, करणारी ती ओतीव प्लास्टिकची स्वस्त वायर वापरू नका. ती आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत.

तिसरी डिस्क बहिणीकडे, मामाकडे, जुळे सोलापूरला, कुठेही ठेवा, पण त्याच छपराखाली नको. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणायची, कॉपी करायची, पासवर्ड लावायचा, कारण त्यात लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत, आणि परत नेऊन ठेवायची. दर खेपेला दोन-चार फायली उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे झाकण न काढलेला हंडा, आत पाणी आहे की नाही कुणाला ठाऊक. त्या पाच पोर्टेबल डिस्काही रिकाम्या करू नका, वर्षभर तशाच राहू द्या.

आणि वडिलांचे मूळ कागद? स्कॅन झाले म्हणून ते रद्दीत देऊ नका, मी हात जोडून सांगते. कोरड्या जागी, सुती कापडात ठेवा. पेन्सिलीच्या खुणा, खोडलेले चौकोन, कडेला लिहिलेले रंगाचे नंबर, हे स्कॅनमध्ये पुसट येतं. त्यांना शेजारी बसवून एकेका डिझाइनचं नाव आणि कुठल्या सालचं ते फाइलच्या नावात लिहून घ्या. तेवढं आत्ताच करा, डिस्का पुढच्या महिन्यात आल्या तरी चालेल.

प्रश्न : माझ्याकडे २ टीबीच्या तीन पोर्टेबल डिस्क आहेत. वरचं कवच फोडून आतल्या डिस्क पीसीत लावून रेड करता येईल का? पैसे वाचतील.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : फोडू नका. खिशात मावणाऱ्या बऱ्याच डिस्कांमध्ये यूएसबीचं तोंड डिस्कच्या हिरव्या पट्टीवरच डाग देऊन बसवलेलं असतं. आत साटाचं तोंड नसतंच, मग पीसीला लावणार कुठे? जिथे असतं तिथेही डिस्क बहुधा एसएमआर निघते, आणि वॉरंटी गेली ती गेलीच. यूएसबीने बाहेरूनच तिन्ही जोडून रेड करायचाही विचार असेल तर तोही सोडा. वायरला धक्का लागला की एक डिस्क गायब होते आणि दर वेळी जुळणी पुन्हा. या तीन डिस्क आहेत तशाच बॅकअपला चांगल्या. प्रत्येकीवर ठळक अक्षरात काय आहे आणि कधी भरलं ते लिहा.

प्रश्न : घराला मोठा इन्व्हर्टर आहे. सर्व्हरसाठी वेगळा यूपीएस घ्यायलाच हवा का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : घ्या, लहानसा ६०० व्हीएचा चालेल. इन्व्हर्टर वीज गेल्यावर बॅटरीवर जायला क्षणभर घेतो. ट्यूबलाइटला तो क्षण जाणवत नाही, पण एखादा पीसी त्यात बंद पडतो. रेड ५ मध्ये नेमकं लिहीत असताना वीज गेली तर डेटा आणि त्याचा ताळा एकमेकांशी जुळेनासा होतो. झेडएफएस नवं लिहिताना जुनं पुसत नाही म्हणून तिथे हा धोका टळतो, तरी डिस्कला असे झटके नकोतच.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. यूएसबीची वायर सर्व्हरला जोडता येईल असाच यूपीएस मागा. बॅटरी संपत आली की यूपीएस सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर स्वतः व्यवस्थित बंद होतो, तुम्ही घरी असा नसा. इन्व्हर्टर ते सांगू शकत नाही, तो शेवटपर्यंत चालतो आणि मग एकदम जातो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट न देणारा, असेल तर काही यूपीएस त्याची वीज घेतच नाहीत आणि स्वतःची बॅटरी संपवून टाकतात, तेव्हा दोन्ही जोडून एकदा बघा. चाचणी अशी करा : सर्व्हर नवा असताना, आत कामाचं काही नसताना, यूपीएसची भिंतीतली पिन काढा आणि घड्याळ लावून समोर बसा. सर्व्हर आपोआप बंद झाला तर ठीक. नाही झाला तर वायर किंवा सेटिंग तपासा आणि पुन्हा पिन काढा. यूपीएसच्या बॅटरीवर आजची तारीख मार्करने लिहून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती लवकर उतरते, तेव्हा हीच चाचणी दर वर्षी मार्चमध्ये, ऊन वाढायच्या आत करा.